प्रकल्पाच्या आधीचं काम

शाळेतल्या गटप्रकल्पात सगळ्यात कमी वेळ जातो तो नेमका प्रश्न ठरवण्यात. विषय फळ्यावर येतो, चार-पाच जणांचे गट पडतात आणि दुसऱ्या दिवसापासून पुठ्ठा, फेव्हिकॉल, रंगीत कागद यांची जमवाजमव सुरू होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याच्या शाळांत हे जसं घडतं तसंच पुण्याच्या शाळांतही घडतं. सातपुड्याच्या पायथ्याशी तर खऱ्या प्रश्नांची वाण नाही, तरीही प्रकल्पाच्या वहीवर 'पाणी वाचवा', 'प्लॅस्टिकमुक्त गाव', 'ठिबक सिंचन' हीच नावं दिसतात.

यातली पहिली दोन नावं घोषणा आहेत आणि तिसरं म्हणजे तयार उत्तर. कोणाचं काय अडलंय, हे तिन्हींत कुठेच नाही. ज्या पाड्यावरचा हातपंप होळीनंतर कोरडा पडतो, तिथून आलेल्या मुलीला 'पाणी वाचवा' हा विषय देऊन काय साधणार? तिच्या घरी वाया घालवण्याइतकं पाणी येतच नाही. झिऱ्यावर पहाटे किती वाजता गेलं म्हणजे हंडा भरतो, आईसोबत कोणी जायचं आणि त्यापायी शाळा कोणाची बुडते, तिची की भावाची, हे तिचे प्रश्न आहेत. ते वहीत आले तर गटाला खरोखर डोकं लावण्याजोगं काही मिळेल. 'पाणी वाचवा'वर मात्र पाच जण मिळूनही शाळेच्या भिंतीवर आधीच रंगवलेलं तेवढंच बोलतील.

मुलांनी गटात कल्पकतेने काम करावं असं वाटत असेल, तर आधी प्रश्न नीट मांडायला त्यांना मदत केली पाहिजे. या मदतीबद्दल जगात शंभरेक वर्षं विचार झाला आहे आणि महाराष्ट्रातही प्रयोगांची कमतरता नाही. त्यातलं इथे काय चालेल आणि काय चालणार नाही, हे मात्र तपासून घ्यायला हवं.

शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १९१० साली 'हाऊ वुई थिंक' या पुस्तकात विचाराच्या पाच पायऱ्या सांगितल्या. अडचण जाणवणं ही पहिली. ती अडचण नेमकी कुठे आहे आणि काय आहे हे ठरवणं ही दुसरी. उपाय सुचणं येतं तिसऱ्या पायरीवर. चांगला डॉक्टर रोग्याच्या पहिल्या तक्रारीवरून औषध लिहून देत नाही, तपासणी होईपर्यंत थांबतो, हे त्यांनीच दिलेलं उदाहरण. ड्युईंच्या प्रभावळीतले विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्पपद्धतीवर निबंध लिहिला आणि 'प्रकल्प' जगभरच्या शाळांत पोचला. आपल्या डी.एड.च्या पुस्तकांतही तो आला. पण वर्गात उतरेपर्यंत पहिल्या दोन पायऱ्या गळाल्या आणि तिसरीपासून पुढचंच हाती राहिलं.

त्या दोन पायऱ्यांना किती मोल आहे, हे दाखवणारा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. शिकागोच्या कलाशाळेत जेकब गेट्झेल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी ३१ विद्यार्थी निवडले. एका टेबलावर २७ वस्तू मांडल्या होत्या. त्यांतल्या हव्या त्या उचलायच्या, दुसऱ्या टेबलावर आपल्या मनाप्रमाणे मांडायच्या आणि त्यांचं चित्र काढायचं, एवढंच काम होतं. काहींनी दोन-चार वस्तू झटपट उचलल्या, मांडल्या आणि उरलेला सगळा वेळ चित्रावर घालवला. काहींनी बऱ्याच वस्तू हाताळल्या, उलटसुलट करून पाहिल्या, मांडणी बदलली, अर्धं चित्र झाल्यावरही पुन्हा बदलली. चित्रं कोणाची आहेत हे माहीत नसलेल्या परीक्षकांना दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांची चित्रं अधिक अस्सल वाटली. काही वर्षांनी पुन्हा चौकशी केली तेव्हा चित्रकार म्हणून टिकलेल्यांत आणि नाव काढलेल्यांतही हेच विद्यार्थी पुढे होते. १९७६ मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने आलं. काय काढायचं हे ठरवायला ज्यांनी वेळ घेतला, त्यांच्या हातून नवं काही निघालं. आपल्या वर्गात मात्र असं मूल अजून वस्तूच चाळत बसलंय म्हणून बोलणी खातं.

गटाची गोष्ट आणखी वेगळी आहे. 'ब्रेनस्टॉर्मिंग' हा शब्द रूढ करणारे ॲलेक्स ऑसबर्न जाहिरात व्यवसायातले. त्यांचं १९५३ चं पुस्तक लोकप्रिय झालं आणि त्यातलं एकच वाक्य शाळांनी उचललं: सुचेल ते बोला, कोणाला नावं ठेवू नका. गटापुढे ठेवायचा प्रश्न मोघम नसावा, नेमका असावा, हा आग्रहही त्याच पुस्तकात होता. तो मागे पडला. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोब या दोन संशोधकांनी दाखवलं, की एकत्र बसून बोलणाऱ्या गटापेक्षा तितकीच माणसं वेगवेगळी बसवली तर जास्त कल्पना निघतात, कारण एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि तोवर सुचलेलं विरून जातं. वर्गात हे कोणीही पाहिलेलं असतं. ज्याला प्रमाण मराठी फाडफाड येते तो गटप्रमुख होतो आणि गटाचा प्रश्न म्हणून त्याचाच प्रश्न लिहिला जातो.

नंदुरबार जिल्ह्यात याला मोठं महत्त्व आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी होती आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सगळ्यात कमी. तळोद्यातल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तीन तालुके आहेत. इथल्या आश्रमशाळांत येणारी मुलं घरी भिली, पावरी बोलतात. गुरुजी बहुधा अहिराणी किंवा मराठी बोलणारे. पुस्तक प्रमाण मराठीत. आपली अडचण काय आहे हे मुलाला पक्कं ठाऊक असतं, पण ती सांगायची म्हटली की आधी दुसऱ्या भाषेत न्यावी लागते आणि तिथेच ती पुस्तकातल्या वाक्यासारखी होऊन बसते. 'आमच्या गावात पाण्याची समस्या आहे' हे वाक्य असंच तयार झालेलं असतं. त्यात गाव नसतं आणि मूलही नसतं.

खानदेशाला हा धडा नवा नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७५ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसाठी प्रकल्प हाती घेतला. पुस्तकाची भाषा सोपी केली तर विज्ञानही चांगलं समजतं, हे प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आलं. मुलं विज्ञानात कच्ची नव्हती, भाषेत अडत होती. प्रश्न मांडण्याच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते. वाचताना तयार वाक्य समोर असतं, इथे वाक्य आपल्यालाच करायचं असतं.

त्या दृष्टीने नर्मदाकाठच्या जीवनशाळांकडे पाहावं. नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९१-९२ मध्ये चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे पहिल्या जीवनशाळा सुरू केल्या. बोलीतून, आपल्या भागाच्या इतिहासातून आणि जंगलाच्या ओळखीतून शिकवायचं, असा त्यांचा प्रयत्न होता. धरणात गाव बुडणार की राहणार, हा प्रश्न त्या मुलांच्या घरात रोज बोलला जात होता, तो कोणी नेमून द्यावा लागला नाही. बुडालेल्या गावांतली कितीतरी कुटुंबं पुढे तळोदा तालुक्यात पुनर्वसित झाली. त्यांची पुढची पिढी आज इथल्याच शाळांत आहे. नवी जमीन, नवं पाणी, जुन्या गावात होतं ते झाड इथे का नाही, असे कितीतरी प्रश्न त्या घरांत पडून आहेत.

शेजारच्या शहादा भागातला आणखी एक दाखला शाळेबाहेरचा आहे, पण इथे तो सांगावासा वाटतो. १९७२ च्या आसपास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी जमीन आणि मजुरी हे प्रश्न हाती घेतले होते. शिबिरांमध्ये बायका बोलू लागल्या तेव्हा त्यांनी दारू आणि नवऱ्याची मारहाण पुढे आणली आणि त्यातून दारूची मडकी फोडण्याचं आंदोलन उभं राहिलं. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याचा प्रश्न आणि सोसणाऱ्या बाईचा प्रश्न, दोन्ही खरे होते. दुसरा ऐकू यायला मात्र बायकांनी आपल्या तोंडाने बोलणं गरजेचं होतं. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी त्याच काळात हेच सांगत होते.

राज्यात शाळांसाठी ज्या योजना आहेत त्यांची या कसोटीवर परीक्षा केली तर राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद मला सगळ्यात जवळची वाटते. १९९३ पासून ती देशभर चालते, १० ते १७ वयाच्या मुलांसाठी. आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा, स्वतः पाहणी करायची, रोजची नोंदवही ठेवायची आणि मग निष्कर्ष मांडायचा. पूर्वी पाच जणांचा गट असे, आता दोघांचा. चकचकीत उपकरण नसलं तरी चालतं, हे तिचं मोठेपण. पण मुख्य विषय दिल्लीहून येतो आणि त्यात बसेल असं काही शोधण्याच्या घाईत प्रश्न पुष्कळदा शिक्षकच निवडतात. इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या मुलाला १०,००० रुपये मिळतात, पण तिथे सुरुवातच कल्पना पाठवण्याने होते. अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान आहे. थ्री-डी प्रिंटर, सेन्सर, मोटारी आधी येतात आणि मग 'यातून काय करता येईल?' असं मुलांना विचारलं जातं. साधनं मिळणं चांगलंच आहे, हात चालले की डोकंही चालतं. तरी हत्यार हातात घेऊन काम शोधत फिरण्याची सवय लागू नये.

याच्या उलट वाट पाबळच्या विज्ञान आश्रमाची. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती, आरोग्यतपासणी शिकतात ती गावाला सेवा देत देत. गिऱ्हाईक समोर असल्यामुळे प्रश्न मोघम राहूच शकत नाही: फाटक किती रुंद, कोणाच्या गोठ्याला, म्हैस आत येते की बैलगाडी. अहमदाबादच्या रिव्हरसाइड शाळेच्या किरण बीर सेठी यांनी २००९ पासून 'डिझाइन फॉर चेंज' हा उपक्रम चालवला. त्यात पहिली पायरी 'जाणवणं' हीच आहे. आयआयटी मुंबईच्या 'सितारा' केंद्रात एम.टेक.च्या विद्यार्थ्यांनाही काही आठवडे गावात राहावं लागतं. इंजिनिअरांना जे गरजेचं वाटतं ते सातवीच्या मुलांना तर घरबसल्या मिळतं. ती गावातच राहतात.

आता प्रत्यक्षात हे कसं घडेल, ते एका उदाहरणाने पाहू. धडगाव भागात एप्रिल-मेमध्ये घराघरांत आमचूर करतात. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी करायच्या, उन्हात वाळवायच्या आणि व्यापाऱ्याला घालायच्या. एका गटाने वहीत लिहिलं, 'आमचुराला भाव मिळत नाही'. तक्रार खरी आहे, पण एवढ्यावर काम सुरू केलं तर मुलं 'सरकारने हमीभाव द्यावा' इथवर जाऊन थांबतील. शिक्षकाने इथे उत्तर द्यायचं नाही, सुचवायचंही नाही. फक्त विचारायचं. कोणाला मिळत नाही, सगळ्यांना की काहींना? एकाच दिवशी दोन घरांना वेगळा भाव मिळाला का? व्यापारी माल हातात घेऊन काय बघतो?

मग गोष्टी बाहेर येऊ लागतात. पांढऱ्या फोडींना जास्त भाव, काळपट फोडींना कमी. ओलसर माल मागे टाकतात. मग काळ्या कोणाच्या पडतात? कोणी सांगतं, लोखंडी सुरीने कापलेल्या. कोणी सांगतं, दुपारी कापून संध्याकाळी पसरलेल्या. कोणी सांगतं, अवकाळी पावसात भिजलेल्या. इथे विज्ञानाचा धागा सापडतो. कापलेल्या फळाचा हवेशी संबंध आला की त्यातल्या विकरांमुळे ते काळवंडतं, आणि लोखंड लागलं की रंग आणखी गडद होतो. आता गटाला लिहिता येईल: 'आमच्या पाड्यावर ज्या घरांत दिवसभर कैऱ्या कापून संध्याकाळी फोडी पसरतात, त्यांच्या फोडी वाळायच्या आत काळ्या पडतात आणि व्यापारी त्या कमी भावाने घेतो. घरात आहे त्याच साधनांनी हे काळं पडणं कसं टाळता येईल?' कोणाचं, कुठे, केव्हा, काय आणि त्याने काय बिघडतं, हे सगळं त्यात आलं आहे. उत्तर कुठेही आलेलं नाही. आता पाच जणांना पाच वेगळ्या गोष्टी सुचू शकतात: कापण्याची वेळ, सुरी, मिठाचं पाणी, पसरण्याची जागा, झाकण. आणि प्रत्येक गोष्ट करून पाहता येईल. भावाचा बाकीचा भाग, म्हणजे वजनकाटा, आगाऊ उचल, बाजारात दुसरा व्यापारी नसणं, हा वेगळा प्रश्न आहे. तो दुसऱ्या गटाने घ्यावा. तो सोडून देऊ नये.

प्रश्नाचं आकारमान राखणं हेही शिकवावं लागतं. तळोदा तालुक्यात उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती खरी आहे. अलीकडच्या वर्षांत हल्ल्यांत माणसं दगावली, त्यांत लहान मुलंही होती. 'बिबट्यांचा बंदोबस्त' हा मुलांच्या आवाक्यातला विषय नाही, आणि 'बॅटरीची काठी' ही त्यावरची घाई झाली. मधल्या जागेत कितीतरी नेमके प्रश्न आहेत. शाळेला चालत येणारी मुलं कोणत्या वळणावर उसाला खेटून जातात? शेतीची वीज रात्री असली की घरातलं कोण पिकाला पाणी द्यायला जातं, एकटं की दोघं? ऊसतोड सुरू झाली की कुत्री, कोंबड्या कुठल्या वस्तीवरून नाहीशा होतात? वाट, वेळ आणि माणूस ठरवून पाहिलं की गटाला गावाचा नकाशा काढता येतो आणि कामाला सुरुवात होते.

उलट बाजूने, प्रश्न फार अरुंद झाला तरी कल्पकता आटते. सर्जनशीलतेचे अभ्यासक मिन बासाडूर यांची एक जुनी हकिगत प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकात प्रॉक्टर अँड गॅम्बलचे लोक प्रतिस्पर्ध्याच्या हिरव्या पट्ट्यांच्या साबणापेक्षा चांगला हिरव्या पट्ट्यांचा साबण करू पाहत होते आणि जमत नव्हतं. बासाडूर यांनी प्रश्न बदलला: आपला असा, अधिक ताजंतवानं करणारा साबण कसा करता येईल? हिरवे पट्टे सुटले आणि मार्ग निघाला. 'सौरचूल कशी बनवावी' हा आपल्या मुलांचा हिरवा पट्टा आहे. स्वयंपाकात आईचा कोणता त्रास कमी करायचा आहे, असं विचारलं तर कदाचित चूल बदलावीच लागणार नाही.

शिक्षकांना हाताशी धरता येईल अशी एक पद्धत मात्र आवर्जून सांगतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स शहरात १९९० च्या सुमारास, शाळा सोडणाऱ्या मुलांच्या पालकांबरोबर काम चालू असताना ते पालक म्हणाले की शाळेत जाऊन काय विचारायचं हेच आम्हाला कळत नाही. त्यातून डॅन रॉथस्टाइन आणि लूझ सँटाना यांनी प्रश्न विचारायला शिकवण्याची रीत घडवली आणि २०११ मध्ये पुस्तकातून ती शाळांपुढे ठेवली. नियम थोडे आहेत. जमतील तितके प्रश्न विचारायचे. मध्येच थांबून उत्तर द्यायचं नाही, चर्चा करायची नाही, वाईट-चांगलं ठरवायचं नाही. विधान असेल तर त्याचा प्रश्न करायचा. आणि जो जसा बोलला तसाच लिहायचा. मग त्यातले तीन निवडायचे.

इथे सगळ्यात कामाचा नियम 'बोलला तसाच' हा आहे. पावरीत विचारला तर पावरीतच, देवनागरीत लिहून घ्यायचा. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढावं, शेजारच्याने लिहावं. मात्र गटात बोलण्याआधी प्रत्येकाने आपला प्रश्न एकट्याने कागदावर उतरवला पाहिजे, नाहीतर गटप्रमुखाचाच आवाज उरतो. मराठी नंतर करता येते, आणि ती करतानाही मूळ वाक्य वहीत वरच्या ओळीत राहू द्यावं. मुलींचे कागद आधी वाचावेत, असं मी आग्रहाने म्हणेन. पाणी, सरपण, धाकटं भावंड यांबद्दलचे प्रश्न त्यांच्याकडे असतात आणि मिश्र गटात तेच आधी गाळले जातात.

शिक्षकांच्या दोन हरकती असतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली वेळेची. अभ्यासक्रम, नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम यांतून प्रश्न घोटत बसायला तास कुठून आणायचे? याला उपाय एकच दिसतो: प्रकल्प कमी करावेत. वर्षाला चार विषयांचे चार पुठ्ठे करण्यापेक्षा एकच प्रकल्प धरावा आणि त्याचा निम्मा वेळ प्रश्नाला द्यावा. नववी-दहावीच्या जलसुरक्षा विषयातल्या उपक्रमांना तो जोडूनही घेता येतो.

दुसरी हरकत अवघड आहे. मुलांना मोकळं सोडलं तर ती शाळेचाच प्रश्न मांडतील. संडासात पाणी नाही, डाळ पातळ आहे, रात्री आजारी पडलं तर कोणाला उठवायचं. आश्रमशाळेत मूल चोवीस तास राहतं, त्यामुळे त्याच्या अडचणींतल्या निम्म्या तिथल्याच असणार. अधीक्षकांना आणि मुख्याध्यापकांना यात तक्रार दिसते. मला वाटतं, यातला एखादा प्रश्न तरी शाळेने खुलेपणाने स्वीकारून मुलांबरोबर सोडवावा. जे मूल आपल्या खोलीतली अडचण मांडायला घाबरतं, ते जगाची अडचण मांडताना पुस्तकातलं वाक्यच म्हणून दाखवेल.

आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर उपकरणात नसतं. ओढ्यावर पूल नाही म्हणून पावसाळ्यात शाळा बुडते, याला मुलांनी दोरीचा झुला शोधून काढावा ही अपेक्षा चुकीची आहे. पूल बांधणं हे त्यांचं काम नाही. पण किती दिवस, कोणत्या पाड्यावरच्या, किती जणांची शाळा बुडते, हे नेमकं मांडणं त्यांना जमतं. तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पाचव्या अनुसूचीत येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला इथे विशेष अधिकार आहेत. गटाची वही ग्रामसभेत वाचली गेली, तर तोही प्रकल्पाचा पूर्ण शेवट मानावा आणि त्याला प्रदर्शनातल्या चालत्या मॉडेलइतकेच गुण द्यावेत.

राहिला वेळापत्रकाचा मुद्दा. प्रकल्पांचं काम पावसाळ्यानंतर रंगात येतं, विज्ञान प्रदर्शनं हिवाळ्यात भरतात. आमचूर, कोरडे झरे, ऊसतोडीहून परतणारी माणसं हे सगळं उन्हाळ्यात घडतं आणि तेव्हा आश्रमशाळेला सुट्टी असते. म्हणजे जे डोळ्यांनी बघायचं ते शाळेच्या वर्षाबाहेर राहतं आणि मुलं डिसेंबरात आठवून लिहितात. म्हणून प्रकल्पाची सुरुवात सुट्टी लागताना करावी. घरी निघणाऱ्या प्रत्येक मुलाला एक चाळीस पानी वही द्यावी. उपाय लिहायचे नाहीत, जिथे कोणाचं काही अडलेलं दिसलं ते तेवढं आपल्या बोलीत लिहायचं किंवा काढायचं, एवढंच सांगावं. जूनमध्ये गट पाडताना मग फळ्यावर विषय लिहावा लागणार नाही. वह्या उघडायच्या आणि कोणाचे प्रश्न जुळतात ते बघून मुलांनीच गट करायचे.